बँडवाल्याचा रियाज

(कळंब येथे बँडवादक आणि कार्यकर्ते यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



जॅझ या विषयावर, आणि तेही कळंबमध्ये, एका राजकीय कार्यकर्त्याने बोलावे याचे आपल्यापैकी पुष्कळांना नवल वाटले असेल. एका जुन्या सहकाऱ्याने तर काल रात्री जेवताना मला सरळच विचारले, “उसाचा भाव आहे, मांजरेचे पाणी आहे, कारखान्याची थकलेली बिले आहेत. ते सोडून ही अमेरिकन वाजवणूक तुम्ही कुठून काढलीत?” प्रश्न रास्त आहे, म्हणून प्रथम त्याचेच उत्तर देतो.

काल संध्याकाळी मी एस. टी. स्टँडवर उतरलो तेव्हा समोरून एक वरात चालली होती. पुढे बँड होता आणि मागे डीजेची गाडी आपली पाळी येण्याची वाट पाहत उभी होती. बँडमध्ये पन्नाशीचे एक क्लॅरिनेटवादक होते. मंद्र सप्तकात त्यांचा स्वर असा भरदार लागत होता की मी हातातली पिशवी खाली ठेवून उभा राहिलो. परंतु चाल वर चढली आणि स्वर चिरकला. त्यांनी ओठ पुसला, रीड चाचपली, वाद्य दातांखाली अधिक जोराने दाबले आणि पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा चिरकला. तेवढ्यात मागची गाडी सुरू झाली आणि कोण चिरकले, कोण सुरात होते, याला काही अर्थच उरला नाही. नंतर चहाच्या टपरीवर मी त्यांना गाठून खालच्या स्वरांचे कौतुक केले. ते म्हणाले, “आमचं काय गुरुजी, पोटापुरतं वाजवितो. कलाबिला आमच्यात कुठली! ती देवानं द्यावी लागती.”

माझे आजचे सर्व भाषण या एका वाक्याला उत्तर म्हणून आहे. मास्तर आज येथे पहिल्या रांगेत बसले आहेत. त्यांची अनुमती घेऊनच मी हे सांगत आहे.

कला देवाने द्यावी लागते हे वाक्य आपल्याकडे कोण कोणाला ऐकवते, याचा विचार करा. घराण्यात जन्मलेल्या गवयाचा मुलगा पहाटे चारला उठून तंबोऱ्यापुढे बसतो, वीस वर्षे पलटे घोटतो, आणि मग आपण म्हणतो, काय दैवी देणगी! हलगी, सनई, क्लॅरिनेट वाजवणाऱ्याला ही वीस वर्षे कोणी दिलेलीच नसतात. त्याला वयाच्या बाराव्या वर्षी वरातीत उभे केले जाते, आणि त्याचा स्वर चिरकला की तीच माणसे म्हणतात, याच्यात उपजतच नाही. ज्या समाजांनी पिढ्यान् पिढ्या या मराठवाड्याची लग्ने, जत्रा आणि पालख्या वाजवून दिल्या, त्यांना आपण वाजवणारे म्हटले, कलावंत म्हटले नाही. येरमाळ्याच्या येडेश्वरीच्या चैत्री यात्रेत वाद्य नसेल तर पालखी हलत नाही. पण वाद्य वाजवणाऱ्याला कोठे बसवावे, हा प्रश्न मात्र गावाला अजून पडतो.

आता जॅझकडे येतो. हे संगीत हॉटेलातले, श्रीमंतांचे, मद्याच्या पेल्याबरोबरचे, असा आपला समज आहे. त्याचा जन्म मात्र वरातीतल्या बँडमधून झाला. अमेरिकेच्या दक्षिणेला मिसिसिपी नदीच्या काठी न्यू ऑर्लिन्स नावाचे बंदर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील काळ्या वस्तीत ब्रास बँड होते. सण, मिरवणुका, इतकेच काय पण अंत्ययात्राही बँडवाले वाजवत. स्मशानाकडे जाताना संथ, धीरगंभीर भजन आणि परतताना पाय थिरकवणारी चाल, अशी तेथली रीत होती. वाजवणारे बंदरावरचे हमाल, गवंडी, सिगारी वळणारे कामगार होते. दिवसा काम करायचे आणि रात्री वाजवायचे.

त्या शहरात रंगाने संमिश्र असा एक क्रिओल समाज होता. त्याची स्थिती जरा बरी होती, त्याच्या मुलांना स्वरलिपी वाचता येई, फ्रेंच पद्धतीचे रीतसर शिक्षण मिळे. टिओ नावाच्या घराण्यातील शिक्षकांनी क्लॅरिनेटवादकांच्या पिढ्या तयार केल्या. शहराच्या दुसऱ्या भागातल्या काळ्या मजुरांना लिपी येत नव्हती, मात्र त्यांचा कान आणि लय विलक्षण होती. लुइझियाना राज्याने १८९० साली रेल्वेचे डबे रंगावरून वेगळे करण्याचा कायदा केला. होमर प्लेसी या क्रिओल गृहस्थाने त्याला आव्हान दिले आणि १८९६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा उचलून धरला. अशा कायद्यांनी क्रिओलांनाही काळ्यांच्याच रांगेत ढकलले. अन्यायी कायद्याचे गुणगान मी करणार नाही. पण एका रांगेत आल्यावर हे दोन प्रकारचे वादक एकमेकांशेजारी उभे राहिले. वाचणाऱ्याला कान मिळाला, कानाने वाजवणाऱ्याला बोटांची शिस्त मिळाली. जॅझ हे या दोघांचे अपत्य आहे.

(जाता जाता सांगतो. लुइझियानाशेजारच्या मिसिसिपी राज्यातील जॅक्सन शहरात, गोऱ्यांसाठी राखून ठेवलेल्या उपाहारगृहात शिरल्याबद्दल १९६४ च्या मे महिन्यात डॉ. राममनोहर लोहियांना अटक झाली होती. आपल्या तरुण कार्यकर्त्यांपैकी किती जणांना हे ठाऊक आहे?)

लुई आर्मस्ट्राँगचे उदाहरण मास्तरांसाठी मुद्दाम देतो. १९१२ सालच्या अखेरच्या रात्री रस्त्यात पिस्तूल उडवले म्हणून या अकरा वर्षांच्या मुलाला काळ्या अनाथ मुलांच्या सुधारगृहात धाडण्यात आले. तेथे बँड होता. पीटर डेव्हिस नावाच्या शिक्षकाने त्याच्या हाती प्रथम किरकोळ वाद्ये दिली आणि मग कॉर्नेट दिले. पुढे १९१८ नंतरच्या काही वर्षांत मिसिसिपीवरच्या आगबोटींवर फेट मॅरेबल यांच्या वाद्यवृंदात तो नोकरीला लागला आणि तेथे लिपी वाचायला नीट शिकला. २८ जून १९२८ रोजी त्याने ‘वेस्ट एंड ब्लूज’ ध्वनिमुद्रित केले. त्याच्या आरंभी ट्रंपेट एकट्याने जे काही सेकंद वाजते ते ऐकून जगभरच्या वादकांनी आपली वाद्ये पुन्हा पहिल्यापासून शिकायला घेतली. परंतु हाच आर्मस्ट्राँग ओठांवर इतका दाब देऊन वाजवी की त्याचे ओठ फाटत, महिनोन् महिने वाजवणे बंद ठेवावे लागे. मास्तर, तुमचाच हा रोग आहे. तुमच्यात कला नाही असा त्याचा अर्थ होत नाही. वर जाण्यासाठी दाब वाढवावा लागतो अशी तुमची समजूत कोणी तरी करून दिली, किंवा कोणीच काही सांगितले नाही, एवढेच.

हे संगीत आपल्या किनाऱ्यावर कसे आले तेही पाहू. १९३५ साली लिऑन ॲबी हा काळा व्हायोलिनवादक आपला संच घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्यामागून ट्रंपेटवादक क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफर्ड आले. वेदरफर्ड पुढे कलकत्त्याला गेला आणि १९४५ साली तेथेच वारला. त्यांच्या देशात त्यांना गोऱ्यांच्या हॉटेलात पुढच्या दाराने जाता येत नव्हते, आणि येथे साहेबांच्या ज्या क्लबांत हिंदी माणसाला सभासद होता येत नव्हते तेथे हिंदी वादकांचे वाद्य मात्र चालत होते. या दोन बहिष्कृतांची गाठ पडली. त्यांच्यापासून शिकले ते मुख्यतः गोव्याचे ख्रिस्ती वादक.

गोव्याच्या या मुलांची तयारी कोठे झाली होती? चर्चला जोडलेल्या खेड्यातल्या शाळेत. तेथे ‘मेस्त’ म्हणजे संगीतशिक्षक मुलांना सोल्फेज शिकवी. लिहिलेला स्वर पाहायचा, हाताने लय मोजायची आणि तो गळ्याने म्हणायचा. वाद्य त्यानंतर हाती येई. पोर्तुगीज सत्तेने हे शिक्षण स्वतःच्या धर्मप्रसारासाठी दिले, त्यात गोव्याच्या शेतकऱ्याविषयी कळवळा नव्हता. तरीही शिडी उभी राहिली आणि गरिबांची मुले तिच्यावरून चढली. मुंबईला ती धोबी तलावाच्या आसपासच्या कुडींमध्ये राहत. कूड म्हणजे एकेका गावाने चालवलेली सामायिक खोली. आपल्या गिरणगावातल्या गाववाल्यांच्या खोल्यांची बहीणच म्हणा. एका पेटीच्या जागेत माणूस आणि त्याचे ट्रंपेट.

हळदोण्याचा आंतोनियो शावियेर वाझ हा त्यांतला एक, जन्म १९१६. मुंबई त्याला चिक चॉकलेट म्हणे. त्याने आर्मस्ट्राँगच्या तबकड्या इतक्या घोटल्या की ट्रंपेट, आवाज, हातातला रुमालसुद्धा आर्मस्ट्राँगचा झाला. ‘हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग’ ही पदवी त्याने मिरवली. आता यात कमीपणा आहे काय? माझ्या मते आहेही आणि नाहीही. मागून सांगतो.

आधी तंत्राविषयी बोलू, कारण ज्यांनी वाद्ये बरोबर आणली आहेत ते त्यासाठीच आले आहेत. मी स्वतः शाळेच्या बँडपथकात क्लॅरिनेट शिकलो, म्हणजे एका चालीमागून दुसरी चाल पाठ केली. वीसएक चाली झाल्या तेव्हा आपण वादक झालो असे मला वाटले. पुढे पक्षाच्या कामानिमित्त मुंबईस असताना धोबी तलावाकडच्या एका वृद्ध ट्रंपेटवादकाकडे मी गेलो. त्यांनी माझी सर्वांत चांगली चाल ऐकली आणि म्हणाले, “आता एकच स्वर वाजव. थांब म्हणेपर्यंत.” आठव्या सेकंदाला माझा स्वर थरथरू लागला, बाराव्याला संपला. पुढचे तीन महिने त्यांनी मला दुसरे काहीही वाजवू दिले नाही. मला तो अपमान वाटला होता. आज वाटतो की उपकार होता.

लांब स्वर हा फुंकवाद्याचा पाया आहे. श्वास खांद्याने घ्यायचा नाही, पोटाने घ्यायचा. स्वर अगदी हलका सुरू करायचा, सावकाश मोठा करायचा, तितक्याच सावकाश पुन्हा हलका करायचा, आणि या सर्व वेळात त्याची उंची केसभरही हलता कामा नये. घड्याळाच्या सेकंदकाट्यावर हे करता येते, पैसा लागत नाही. उंच स्वर हवेच्या वेगाने लागतो, दातांच्या दाबाने लागत नाही. दाबाने रीड बंद होते आणि चिरकते, ओठ मात्र फाटतो. क्लॅरिनेटचा आणखी एक खट्याळपणा आहे. मागच्या बाजूची अंगठ्याची चावी उघडली की सॅक्सोफोनवर तोच स्वर बरोबर एक सप्तक वर जातो. क्लॅरिनेटवर तसे होत नाही. खालचा सा ज्या बोटांनी वाजतो त्याच बोटांनी वरच्या सप्तकातला पंचम वाजतो. म्हणून एकच सरगम खाली एका बोटांची आणि वर दुसऱ्या बोटांची असते आणि मधल्या सांध्यापाशी जवळजवळ सगळी बोटे एकदम पडावी लागतात. मास्तरांचा स्वर काल नेमका या सांध्यावर चिरकत होता. या सांध्याच्या अलीकडचे दोन आणि पलीकडचे दोन, असे चारच स्वर घेऊन रोज दहा मिनिटे अत्यंत संथ लयीत ये-जा केली, तर दोन महिन्यांत तो सांधा बुजतो. मी स्वतःवर करून पाहिले आहे.

संथ लयीत, हे मी जाणूनबुजून म्हणतो. आपल्या सवयी बोटांना ठाऊक असतात, त्यांना चूक आणि बरोबर यांतला भेद कळत नाही. चुकीचे जलद वाजवले तर बोटे चूकच पाठ करतात. ज्या लयीत एकही चूक होत नाही ती लय शोधावी, मग ती कितीही हास्यास्पद संथ असो, आणि तेथून थोडीथोडी वाढवावी.

त्यानंतर बारा पट्ट्या. आपला क्लॅरिनेट काळी पाचचा, आल्टो सॅक्सोफोन काळी दोनचा. बँडमधली चाल सर्वांनी आपापल्या सोयीच्या बोटांनी वाजवायची तर ती सोयीची नसलेल्या पट्टीत कोणी तरी वाजवलीच पाहिजे. जॅझवादक प्रत्येक सरगम, प्रत्येक पलटा आणि प्रत्येक आवडती जागा बाराही पट्ट्यांत तयार करतो. आपल्या रागसंगीतात षड्ज एकदा ठरला की मैफलभर हलत नाही. जॅझमध्ये मात्र खालचे कॉर्ड, म्हणजे एकाच वेळी लागणारे तीनचार स्वरांचे गुच्छ, दर एकदोन मापांना बदलतात आणि वादकाला त्यांच्याबरोबर आपले घर बदलावे लागते. ब्लूज नावाचा त्यांचा सर्वांत साधा ठेवा बारा मापांचा आहे. पहिली चार मापे सा च्या घरी, दोन मध्यमाच्या, दोन पुन्हा सा च्या, मग एक पंचमाच्या, एक मध्यमाच्या, आणि शेवटची दोन परत घरी. हे बारा मापांचे आवर्तन तबल्याच्या ठेक्यासारखे डोक्यात फिरत राहिले पाहिजे. त्यावर जे गंधार-निषाद लावतात ते शुद्ध आणि कोमल यांच्या मधल्या फटीत लावतात. येथे आपल्याला उपरेपणा वाटण्याचे काहीच कारण नाही. मिंड घेणाऱ्या कानाला ही फट शिकवावी लागत नाही.

लयीचे मात्र निराळे आहे. मात्रेचे दोन तुकडे केले तर ते जॅझमध्ये सारखे नसतात. पहिला लांब, दुसरा आखूड, मध्यम लयीत साधारण दोनास एक; लय द्रुत झाली की हा फरक कमी कमी होतो. याला ते ‘स्विंग’ म्हणतात. कागदावर तो लिहिता येत नाही, कानानेच घ्यावा लागतो. टाळीही आपण पहिल्या मात्रेवर देतो, ते दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर देतात. लयमापकाचा ठोका या दोन मात्रांवर ठेवून सराव करणे हा त्यांचा जुना उपाय आहे. आपल्या हलगीवाल्याला बाजूला बसवून हे करून पाहा. माझा अनुभव असा की क्लॅरिनेटवाल्याच्या आधी हलगीवाल्याला ते जमते.

आता शैली. तंत्र म्हणजे उच्चार शुद्ध होणे आणि शैली म्हणजे बोलता येणे, असे म्हटले तर ढोबळ मानाने चालेल. मूल व्याकरण शिकून बोलत नाही, आईचे ऐकून बोलते. जॅझवादक तसाच शिकतो. एका थोर वादकाचा तुकडा ऐकायचा, तो वाद्य न घेता गळ्याने जसाच्या तसा म्हणायचा, मग वाद्यावर काढायचा, जमल्यास लिहायचा, मग बारा पट्ट्यांत फिरवायचा. म्हणता येत नाही ते वाजवायचे नाही. क्लार्क टेरी नावाचे ट्रंपेटवादक आपल्या शिष्यांना हाच क्रम सांगत: आधी अनुकरण, मग ते पचवणे, आणि त्यानंतरच स्वतःचे काही.

चार्ली पार्करची गोष्ट या संदर्भात सांगण्यासारखी आहे. कॅन्सस सिटीतला हा सोळा वर्षांचा पोर १९३६ साली थोरांच्या मैफलीत घुसला आणि मध्येच भरकटला. ड्रमवादक जो जोन्स यांनी झांज काढून त्याच्या पायांपाशी जमिनीवर आपटली. सगळे हसले. पुढच्या उन्हाळ्यात ओझार्क डोंगरातल्या एका विश्रामस्थळी वाजवण्याची नोकरी धरून तो गेला, बरोबर लेस्टर यंगच्या सॅक्सोफोनच्या तबकड्या होत्या. फावल्या वेळात त्या संथ फिरवून त्याने एकूण एक स्वर उचलला. परत आला तेव्हा कोणी हसले नाही. १९५४ साली एका मुलाखतीत त्याने सांगितले की तीनचार वर्षे तो रोज अकरा ते पंधरा तास सराव करीत होता. या सरावातून जे निघाले ते लेस्टर यंगची नक्कल नव्हती. एक संपूर्ण नवी भाषा होती. पार्करला तबकडी संथ करण्यासाठी यंत्राशी झटापट करावी लागे. तुमच्या खिशातल्या मोबाइलमध्ये ती सोय आहे आणि स्वरही खाली उतरत नाही. तरीही आपली मुले त्यावर काय संथ करून पाहतात, ते विचारू नका.

चिक चॉकलेटकडे परत येतो. अनुकरणात तो थांबला असता तर मी त्याचे नाव येथे घेतले नसते. पण आपल्याच नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याला जन्मलेले संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे रामचंद्र चितळकर, यांना तो भेटला. गिरणीकामगाराचा मुलगा असलेले भगवानदादा पालव यांचा ‘अलबेला’ १९५१ साली आला. त्यातल्या गाण्यांत चितळकरांची ठसठशीत मराठी वळणाची चाल आहे आणि तिच्या अंगाखांद्यावर चिकचे ट्रंपेट खेळते आहे. चिक आणि त्याचे साथीदार पडद्यावरही दिसतात. देशभरच्या लग्नाच्या बँडांनी ती गाणी उचलली. म्हणजे न्यू ऑर्लिन्सच्या वरातीतून निघालेले संगीत ताजमहाल हॉटेल आणि दादरच्या चाळी यांच्यामार्गे कळंबच्या वरातीत आले. मास्तरांनी काल जी चाल वाजवली ती याच वंशातली होती. त्यांना कदाचित ठाऊक नसेल की त्यांचे नाते आर्मस्ट्राँगपर्यंत जाऊन पोहोचते.

इतरांनीही आपापली वाट काढली. कुडचड्याचे फ्रँक फर्नांड हे ट्रंपेटवादक क्रिकेट स्मिथबरोबर वाजवून तयार झाले. १९४६ साली मसुरीला त्यांची गांधीजींशी गाठ पडली आणि आपल्या वाजवण्याला या मातीचे रूप द्यावे असे त्यांना वाटू लागले. पुढे त्यांनी कोकणी चित्रपट काढले, ‘आमचें नशीब’ १९६३ साली आणि ‘निर्मोण’ १९६६ साली. त्यांतल्या पहिल्याचे संगीत मडगावचे क्रिस पेरी यांचे. पेरी ट्रंपेट वाजवीत, सॅक्सोफोनही वाजवीत. लोर्ना कोर्देरो यांच्या गळ्यातून त्यांनी जॅझला कोकणी बोलायला लावले. मडगाव म्हटले की आपल्याला १८ जून १९४६ ची लोहियांची सभा आठवते. त्याच गावच्या एका वादकाने मातृभाषेला हे दुसरे स्वातंत्र्य दिले, हे आपण विसरतो. सॅक्सोफोनवादक ब्राझ गोन्साल्विस यांनी राग आणि जॅझ यांची सांगड घातली. १९६८ साली शंकर-जयकिशन यांच्या नावाने ‘राग जॅझ स्टाइल’ ही तबकडी निघाली. अकरा राग, रईस खानांची सतार, मनोहारी सिंगांचा सॅक्सोफोन. मला स्वतःला त्यात राग आणि जॅझ एकमेकांना नमस्कार करून निघून जातात असे वाटते, पण प्रयत्न प्रामाणिक होता.

या सर्वांना मुंबईच्या चित्रपटसृष्टीने पोसले, हे म्हणण्याची पद्धत आहे. मला ती मान्य नाही. १९४७ नंतर साहेब गेला, पाठोपाठ मुंबई राज्यात दारूबंदी आली, नाचघरे ओस पडू लागली आणि हे वादक ध्वनिमुद्रणाच्या खोल्यांत गेले. संगीतकार चाल देई. साठ साठ वाद्यांसाठी ती लिहून काढणे, कोणी केव्हा काय वाजवायचे ते ठरवणे, हे सेबास्तियन डिसोझांसारखे संयोजक करीत. पडद्यावर नाव मात्र बहुधा एकाचेच येई. मजुरीचे मोल रोजावर होई आणि कर्तृत्व मालकाच्या खात्यावर जमा होई. माजोर्ड्याचे आंतोनी गोन्साल्विस हे व्हायोलिनवादक आणि गुरू, प्यारेलाल यांचे शिक्षक. त्यांचे नाव साऱ्या देशाला माहीत झाले ते १९७७ सालच्या चित्रपटातल्या एका विनोदी पात्राचे नाव म्हणून. २०१२ साली ते वारले तेव्हा पुष्कळांना प्रथमच कळले की असा माणूस खरोखरच होता.

आता मुळाशी येतो. पार्करचे अकरा तास ऐकून तुम्ही मनात म्हणाला असाल, आम्हाला कोण देतो अकरा तास! अगदी बरोबर. सराव म्हणजे वेळ, आणि वेळ ही संपत्तीइतकीच विषम वाटलेली वस्तू आहे. सॉनी रॉलिन्स नामवंत झाल्यानंतर, १९५९ साली, आपले वाजवणे अपुरे आहे असे ठरवून मैफलींतून निघून गेले. घरात वाजवले तर शेजारच्या गरोदर बाईला त्रास होईल म्हणून न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर जाऊन ते १९६१ पर्यंत सराव करीत राहिले. पुढे ते मुंबईत पवईच्या आश्रमातही येऊन राहिले, आणि १९७८ साली रंगभवनातल्या पहिल्या जॅझ यात्रेत वाजवून गेले. रॉलिन्सना दोन वर्षे मैफलींचे उत्पन्न सोडता आले. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातल्या मुलाला दोन महिनेही सोडता येत नाहीत. तेव्हा रियाज करा, रियाज करा, असा कोरडा उपदेश मी करणार नाही. तो वरच्या माणसाने खालच्याला केलेला उपदेश होईल.

पण आपल्या हातात काही आहे. बँडवाल्याचे चार महिने रिकामे जातात. आषाढापासून कार्तिकापर्यंत लग्ने नसतात, सुपाऱ्या येत नाहीत. गणपतीचे दिवस सोडले तर वाद्ये खुंटीला असतात आणि माणसे रोजगार हमीवर किंवा दुसऱ्याच्या शेतावर. या काळात सकाळी सहा ते आठ, दोन तास, शाळेची एक खोली मिळवणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे. वादकांचे ते काम नव्हे. नगरपरिषदेकडे अर्ज करायला तुम्हाला मी शिकवायला नको. स्वरलिपी वाचायला शिकवणारा एक माणूस महिन्यातून चार दिवस लातूरहून किंवा सोलापूरहून आणता येईल. सोलापूरचे नाव घेतले की मला सिद्राम जाधव आठवतात. त्यांनी सुंदरीसारखे वीतभर वाद्य रागसंगीताच्या मैफलीत नेऊन बसवले. त्या वाद्यालाही एके काळी कोणी तेथे जागा ठेवलेली नव्हती. आणि दोन तासांची मजुरी बुडते म्हणून ज्याला येता येणार नाही, त्याच्या मजुरीचा प्रश्न आपण वर्गणीतून सोडवायचा की नाही, यावर कार्यकर्त्यांनी आज रात्रीच बसावे. एवढे झाले नाही तर माझ्या या भाषणाला काही किंमत नाही.

डीजेच्या गाडीला बंदी घाला, अशी मागणी येथे सकाळी काही जणांनी केली. आवाजाचे नियम आहेत, ते पाळले गेलेच पाहिजेत, त्याबद्दल वाद नाही. परंतु गाडी हटली म्हणजे बँडला मान मिळेल असे समजू नका. गाडीत जे वाजते ते कोठे तरी, कोणी तरी, एकदा वाजवलेले असते आणि दर वेळी तसेच वाजते. बँडवाला समोरच्या नवरदेवाच्या आत्याकडे पाहून चाल एक पट्टी वर नेऊ शकतो, दोन आवर्तने वाढवू शकतो, मध्येच थांबून हलगीला जागा देऊ शकतो. जॅझ म्हणजे दुसरे काय आहे? पण हे करायला बारा पट्ट्या बोटांत असाव्या लागतात आणि सांध्यावर स्वर चिरकून चालत नाही.

मी बराच वेळ घेतला. चहा बाहेर ठेवला आहे. ज्यांनी वाद्ये आणली आहेत त्यांनी मात्र चहा घेऊन परत आत यावे, आणि हलगीवाल्यांनी पुढे बसावे. आपण मास्तरांच्या सांध्यापासून सुरुवात करू. त्या चार स्वरांपासून, घड्याळ समोर ठेवून.